आजीची कवळी आणि माझा बीडीएसचा फॉर्म

परवा रात्री मामेबहिणीचा फोन आला. ताई, प्रेफरन्स फॉर्ममध्ये बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, टाकू का? एमबीबीएसला मार्क पोचत नाहीयेत, मामा म्हणताहेत अजून एक वर्ष बस, मामीचं म्हणणं आयुर्वेदाचं बीएएमएस घे म्हणजे गावात दवाखाना तरी टाकता येईल, आणि क्लासच्या ग्रुपवर सगळे तिला सांगताहेत की बीडीएसला स्कोप नाही. तासभर बोललो आम्ही. फोन ठेवला आणि मला झोपच येईना, कारण मार्कांचं सांगितलं, फीचं सांगितलं, कागदपत्रांचं सांगितलं, पण मी स्वतः हे का निवडलं तेच सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे सगळं लिहून काढतेय. तिच्यासाठी आहे, पण या दिवसांत ज्यांच्या ज्यांच्या घरी हा वाद चालू असेल त्यांनीही वाचा.

सुरुवात आजीपासून करावी लागेल.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात, सगळी कपाशी. मला कळायला लागलं तेव्हा आजीच्या तोंडात पाच-सहा दात उरले होते आणि ती काही फार म्हातारी नव्हती, शेतात निंदायला जायची. सकाळी उठली की चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजायची, त्या मिसरीचा वास अजून माझ्या नाकात आहे, मग ती बोटाने हिरड्यांवर चोळत अर्धा तास ओसरीवर बसायची. गल्लीतल्या सगळ्याच बाया लावायच्या, त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटायचं नाही. दात दुखला की दाढेखाली लवंग. लवंगेने नाही थांबलं तर बाजारात दातातली कीड काढणारी बाई बसायची तिच्याकडे. ती तोंडात एक नळी धरायची आणि थोड्या वेळाने पानावर बारीक पांढऱ्या अळ्या दाखवायची, बघा निघाली कीड. आजीने दोनदा काढून घेतली होती. आणि खरंच नंतर दुखायचं थांबलं असं ती सांगायची.

हे का व्हायचं ते मला कितीतरी वर्षांनी कॉलेजात कळलं. दातात अळी नसतेच. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ खाण्यापासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळतं, खड्डा आत आत वाढत दाताच्या नसेपर्यंत पोचतो आणि मग जीव जातो की काय असं दुखतं. काही दिवसांनी आतली नस मरते आणि दुखणं आपोआप थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं. आणि सहा महिन्यांनी गाल सुजून पू होतो. आजीच्या दुखण्याचं हेच झालं असणार, आणि बाकीचे दात हिरड्यांच्या आजाराने हलून हलून एकेक करून पडले. तिने ते कधी दाखवलेच नाहीत, कारण दात काढला की डोळ्याची नजर जाते हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. "दात काढा ते नजर जास," असं ती मलाही आमच्या अहिराणीत सांगायची. नजर जात नाही. वरच्या दातांच्या नसा वेगळ्या आणि बघायची नस वेगळी, पण हे तिला तेव्हा कोण सांगणार.

शेवटी तोंडाचं पार बोळकं झालं. कळण्याची भाकरी तिची जीव की प्राण, ती दुधात कुस्करून गिळायला लागली. भरीत चालायचं, शेवभाजीचा तिखट रस्सा हिरड्यांना झोंबायचा म्हणून बंद केला. आणि मला जे सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तिने लग्नाच्या पंगतीला बसणंच सोडून दिलं. चार लोकांसमोर चावताना तोंड कसं दिसतं याची तिला लाज वाटायची. आहेर देऊन यायची आणि घरी येऊन दूधभात खायची. कवळी बसवायचं कधी निघालं तर तीच म्हणायची आता किती दिवस राहिले माझे, कशाला पैसे घालवता. त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली आणि अजून आहे.

मी अकरावी-बारावी अमळनेरला केली. घरात सगळ्यांचं ठरलेलं की मुलगी हुशार आहे, डॉक्टर होणार. डॉक्टर म्हणजे एमबीबीएस, दुसरं काही असतं हे आम्हाला माहीतही नव्हतं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमची कपाशी खाल्ली, अख्ख्या खान्देशातच ते झालं होतं, बोंड फोडलं की आत अळी. पप्पांनी उभ्या पिकात ढोरं सोडली. त्या वर्षी क्लासचा विषय काढायची माझी हिंमतच झाली नाही. 2018 ची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मी घरच्या पुस्तकांवर दिली, 268 मार्क आले. मग एक वर्ष ड्रॉप घेतला, जळगावला दोन मुलींबरोबर खोली केली, फक्त टेस्ट सिरीज लावली. 2019 ची परीक्षा 5 मे ला झाली, आणि मग निकालापर्यंतचा तो महिना. बाहेर ऊन पंचेचाळीसला टेकलेलं आणि घरात कुणी कुणाशी निकालाचं बोलायचं नाही असं चाललं होतं.

त्याच महिन्यात माझ्या आत्याची दाढ दुखायला लागली आणि मी तिच्यासोबत अमळनेरला एका डेंटिस्ट मॅडमकडे गेले. रूट कॅनालला चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी मॅडमना विचारलं की मी थोडे दिवस इथे नुसती बसून बघू का. त्या म्हणाल्या ये की. तीन आठवडे रोज सकाळी बसने जायचे आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे.

त्यातली दोनच माणसं सांगते. एक नऊ वर्षांची पोरगी, सायकलवरून पडून पुढचा दात अर्धा तुटलेला, तिची आई रडतेय की आता हिचं लग्न कसं होणार. मॅडमनी चाळीस मिनिटं त्या दातावर थर थर लावून, दरवेळी निळा लाइट मारून, घासून पॉलिश करून तो दात असा उभा केला की कुठे तुटलेला ते मला शोधता येईना. पोरीच्या हातात आरसा दिला. ती आधी हसलीच नाही, जिभेने चाचपून बघत होती कितीतरी वेळ. आणि मग हसली.

दुसरा एक मुलगा, चोवीस वर्षांचा, जिनिंगमध्ये कामाला. तक्रार काय तर भाकरी तोंडात जात नाही. मॅडमनी त्याला स्वतःची बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. सरळ तीन बोटं जायला पाहिजेत, त्याचं एक जेमतेम गेलं. सातवीपासून सुपारी आणि गुटखा. आपल्या राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर पुड्या मिळतातच हे सगळ्यांना माहीत आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, दोरीसारखे पट्टे तयार होतात, तोंड हळूहळू मिटत जातं आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. आजार सबम्यूकस फायब्रोसिस. मॅडम त्याच्याशी अर्धा तास बोलल्या, तोंड होतं तसं पूर्ण परत आणणारं औषध नाही, आधी सुपारी थांबव, हे व्यायाम कर, दर महिन्याला दाखवायला ये. तो गेल्यावर मला म्हणाल्या, असे खूप येतात गं, आणि यांचं तोंड उघडून सगळ्यात आधी कोण बघतं? आपणच.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी ठरवलं. निकाल लागायच्या आधी ठरवलं, हे मला नीट सांगायचंय, कारण आजही मला दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी विचारतं, एमबीबीएस नाही लागलं का? प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं तो सहानुभूतीच दाखवतोय. नाही लागलं, खरंय. माझे मार्क 391 आले आणि त्यात एमबीबीएस मिळणार नव्हतंच. पण लागलं नाही म्हणून मी इथे आले असं नाहीये. तिसऱ्यांदा बसता आलं असतं, बीएएमएसला खासगीत लागत होतं, मी दोन्हीला नाही म्हटलं. मला आजीचं तोंड दिसत होतं आणि हातांनी करायचं काम हवं होतं. पोळ्याला आमच्या घरचे मातीचे बैल लहानपणापासून मीच करायचे, शिंगं, वशिंड, खूर सगळं. मला ते करताना वेळेचं भान राहायचं नाही. त्या क्लिनिकमध्ये बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की या हातांचं डॉक्टरकीत काही काम आहे.

घरी मात्र भांडण झालं. काका म्हणाले, "दातनी डाक्टर म्हंजे काय डाक्टर शे का?" पप्पा काही बोलले नाहीत, दोन दिवस शेतातच होते. आजीने विचारलं, तू दात बसवशील का? म्हटलं हो. मग शिकू द्या तिला, एवढंच म्हणाली.

आता फॉर्मचं, कारण मामेबहिणीला सध्या त्याचीच घाई आहे. नीट क्वालिफाय होणं आणि सीट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2019 ला ओपनचा क्वालिफाइंग आकडा 720 पैकी 134 होता, तेवढ्या मार्कांवर लोक पेढे वाटतात आणि नंतर कळतं की नंबर कुठेच लागत नाही. आपल्या राज्यात सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, प्रवेश होतो, एमबीबीएस आणि बीडीएसचा प्रेफरन्स फॉर्म एकत्र असतो, आयुर्वेद-होमिओपॅथीचा वेगळा. मागच्या वर्षीचे कटऑफ काढून आपल्या कॅटेगरीत आपला नंबर कुठे बसतो ते बघ. पण खूप जुने कटऑफ घेऊन बसू नकोस, आमच्या वेळी 70:30 चा प्रादेशिक कोटा होता (70 टक्के जागा आपल्याच विभागातल्या पोरांना), तो 2020 मध्ये गेला, पेपरची काठिण्यपातळी पण बदलते, त्यामुळे माझ्या 391 ची तुलना तुझ्या मार्कांशी करून काही उपयोग नाही. ज्या कॉलेजला खरंच जाणार नाहीस ते फॉर्ममध्ये टाकूच नकोस. आणि एखाद्या राउंडला सीट मिळाल्यावर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म, म्हणजे मिळाली तीच सीट ठेवते असं लिहून देणारा, भरलास की पुढच्या राउंडमधून तू बाहेर, माझ्या एका मैत्रिणीने तो न वाचता भरला होता आणि पुढच्या राउंडला तिच्यापेक्षा कमी मार्कांवर घराजवळचं कॉलेज दुसऱ्या मुलीला मिळालं. त्या वर्षीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाच, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नकोस.

कागदपत्रं तर जीव खातात. डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर, जातीचा दाखला आणि सगळ्यात अवघड म्हणजे व्हॅलिडिटी, जात पडताळणीचं प्रमाणपत्र. माझ्या पप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी वेगळी होती, एवढ्यावरून पाच चकरा झाल्या. व्हॅलिडिटी बारावीत असतानाच टाकायची, निकालाची वाट बघायची नाही.

पैशांचं लपवून ठेवण्यासारखं काही नाही. सरकारी डेंटल कॉलेजं राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, मुंबई, नागपूर, संभाजीनगर. बाकी बहुतेक खासगी, आणि प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती कॉलेजागणिक खूप वेगळी असते. ठरलेल्या फीवर होस्टेल, मेस, आणि बीडीएसला जे कुणी आधी सांगत नाही ते म्हणजे सामान. मेणाचे ठोकळे, कोरायची हत्यारं, प्लास्टर, नकली दातांचे सेट, हँडपीस (दात कोरायचं मशीन), त्याला लावायचे बर, हे सगळं पोरांना स्वतःचं घ्यावं लागतं. सीनियरकडून जुनं घेतलं तर निम्मा खर्च वाचतो. कॅपमधून सीट असेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो, दरवर्षी न चुकता भरायचा. मला धुळ्याच्या एका खासगी कॉलेजात सीट मिळाली, काही शिष्यवृत्तीतून गेलं, काही शैक्षणिक कर्ज. पहिल्या बँकेने सातबारा बघून परत पाठवलं होतं, कोरडवाहू आहे म्हणाले. दुसऱ्या बँकेत झालं. पप्पा त्या दिवशी साहेबांसमोर हात जोडून उभे होते ते मी विसरू शकत नाही, आणि विसरायचंही नाही.

शिक्षण कसं असतं ते सांगते, कारण घराघरात लोकांना वाटतं चार दात काढायला शिकवतात. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, डिसेक्शन पण असतं. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्मॅकोलॉजी, तिसऱ्याला मेडिसिन आणि सर्जरी. मग शेवटच्या वर्षी दातांचे सगळे विषय एकदम अंगावर येतात, आठ पेपर. जबडा मोडलेल्या ॲक्सिडेंटच्या पेशंटला प्लेट बसवणारा सर्जन बहुतेकदा बीडीएसनंतर एमडीएस, म्हणजे त्यातलंच पदव्युत्तर शिक्षण, केलेला असतो, हे आमच्या काकांना मी तीनदा सांगितलं तेव्हा पटलं.

पण त्या सगळ्यापेक्षा मला आवडलेली गोष्ट म्हणजे कार्व्हिंग. पहिल्याच वर्षी हातात मेणाचा ठोकळा देतात आणि त्यातून दात कोरायचा, प्रत्येक दाताची लांबी, रुंदी, कुठे फुगीर, कुठे खोलगट, मिलीमीटरमध्ये. मी सुरुवात वरच्या पुढच्या दाताने केली. धुळ्याच्या उन्हाळ्यात मेण हातात धरलं की मऊ पडतं, आम्ही ठोकळे थंड पाण्याच्या वाटीत बुडवून बुडवून कोरायचो, थोडा जोर जास्त पडला की कडा गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. रडणारी पोरं होती वर्गात, नीटला माझ्यापेक्षा शंभर मार्क जास्त असलेली, कारण आयुष्यात पहिल्यांदा पाठांतराने काही होत नव्हतं. माझा पहिला दात कॉलेजच्या मॅडमनी वर धरून वर्गाला दाखवला. तो अजून माझ्याकडे आहे, डबीत कापसात ठेवलाय.

म्हणून मामेबहिणीला म्हटलं, आजच एक खडू घे आणि ब्लेडने त्यातून काहीही कोरून बघ, दातच पाहिजे असं नाही. चांगलं झालं का हे बघायचं नाही. तीन वेळा मोडल्यावर चौथा खडू घ्यावासा वाटतो का, ते बघायचं.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि मी गावी. गच्चीच्या कठड्याला टेकून लेक्चर ऐकायचे, नेटवर्क तेवढंच यायचं. आजी शेजारी बसून शेंगा फोडायची आणि मी मेण कोरायचे. तिला दाढ आणि सुळा यातला फरक माझ्या मेणाच्या दातांवरून कळायला लागला होता. त्याच दिवसांत तिने मिसरी सोडली. मी तिला गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यांचे फोटो दाखवले होते पुस्तकातले, काही बोलली नाही, फक्त दोन-चार दिवसांनी मिसरीचा तवा घासून भाकरीच्या तव्यांत ठेवून दिला.

तिसऱ्या वर्षी पेशंट. भूल द्यायची पहिली इंजेक्शनं आम्ही एकमेकांना दिली. खालच्या दाढेची भूल जबड्याच्या आत मागे जिथे नस शिरते तिथे द्यावी लागते, ती जागा डोळ्याला दिसत नाही, बोटाने हाड चाचपून अंदाज घ्यायचा असतो. माझी दोनदा चुकली, पेशंटचा ओठ बधिर झालाच नाही, त्या काकू म्हणाल्या अगं दे पुन्हा, शिकशील कशी. वरच्या दातांवर काम करताना आरशात बघून करावं लागतं, सगळं उलटं दिसतं, मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेणारं मशीन हातात आणि डोळे आरशात. पहिले काही महिने पाठ आणि मान संध्याकाळी उचलवत नव्हती. हे पण माहीत असू दे, हे बसून करायचं काम असलं तरी अंगमेहनतीचं आहे.

आणि मग शेवटचं वर्ष, कवळीचा कोटा. तोंडात एकही दात नसलेले पेशंट आणून कवळ्या करून दाखवायच्या असतात. मी आजीला आणलं. एसटीने पारोळ्याहून धुळे, पाच-सहा खेपा झाल्या असतील. आधी साधं माप, मग त्यावरून तिच्या तोंडापुरता ट्रे बनवून नेमकं माप, मग मेणाच्या कडा करून वरचा-खालचा जबडा किती अंतरावर मिटतो ते ठरवायचं, मग मेणात दात लावून तोंडात बसवून बघायचं, मग पक्की कवळी. तिचं खालचं हाड इतक्या वर्षांत झिजून सपाट झालं होतं, खालची कवळी अशा तोंडात टिकत नाही, जीभ हलली की उचलली जाते. सरांनी आधीच सांगितलं, ही अवघड केस आहे, दुसरा पेशंट बघ. मी नाही म्हटलं.

नेमक्या मापाच्या दिवशी मी पेस्ट कालवली, ट्रेवर लावली आणि तिच्या तोंडाजवळ नेली. तिने माझा हात धरला. "हाऊ ते लवंगना वास शे ना माय," म्हणाली. बरोबर होतं तिचं. त्या पेस्टमध्ये युजेनॉल असतं आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलंच द्रव्य. आयुष्यभर दाढेखाली धरलेली लवंग तिने एका वासात ओळखली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पेस्ट तर दोन-चार मिनिटांत घट्ट होते, तसंच माप घेतलं. नीट आलं.

कवळी बसवल्यावर तिने आरसा मागितला. "बठ्ठा दात उनात का?" म्हणजे सगळे दात आले का. मोजून घेतले तिने, वरचे आणि खालचे, बोट लावून. पहिले आठ दिवस खालच्या हिरडीला टोचत होती, मी दोनदा घासून दिली. बोलताना सुरुवातीला स चा उच्चार शिट्टीसारखा यायचा, तिला मी पेपर मोठ्याने वाचायला लावला. दीड महिन्याने चुलत भावाचं लग्न होतं, ती पंगतीत बसली. मांडे होते. मी लांबून बघत होते आणि वाढायचंच विसरले.

इंटर्नशिपमध्ये आम्ही शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आश्रमशाळेत तपासणीला गेलो होतो. तिथे एक गोष्ट पोरागणिक दिसली. सहाव्या वर्षी मागे जी पहिली पक्की दाढ येते ती कुठलाही दुधाचा दात न पडता येते, त्यामुळे घरच्यांना वाटतं ही दुधाचीच, पडेल आपोआप. ती आयुष्यभराची असते. दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या त्याच दाढा खोडापर्यंत किडलेल्या. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी करा, घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर आज त्याचं तोंड उघडून अगदी मागे बघा.

आता स्कोपचं. ग्रुपवर जे बोलतात ते सगळंच खोटं नाही. देशात तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत, दरवर्षी हजारो पोरं बाहेर पडतात, सरकारी नोकऱ्या फार थोड्या, एमडीएसच्या जागा कमी आणि खासगीत फी प्रचंड. माझा पहिला पगार एका शहरातल्या क्लिनिकमध्ये 12,000 रुपये होता, सकाळी दहा ते रात्री नऊ, आणि तोही दोन महिने उशिरा. मी तिथे चार महिन्यांच्या वर राहिले नाही. स्वतःचं टाकायचं म्हटलं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, सगळं आधी उभं करावं लागतं. बीएएमएसवाली मैत्रीण टेबल-खुर्ची टाकून सुरू करते तसं इथे होत नाही. पाच वर्षांनी लगेच पैसा पाहिजे असेल, घरची तशी गरज असेल, तर हे नीट विचार करून घे, मी तुला गोड गोड सांगणार नाही.

पण स्कोप नाही म्हणजे पेशंट नाहीत असं जर कुणी म्हणत असेल तर त्याने एक दिवस आमच्या तालुक्यातल्या बाजारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघावीत. दवाखाने मेन रोडवर एकाला एक लागून आहेत आणि त्याच तालुक्यातल्या गावांमध्ये चाळिशीत बोळकं झालेल्या बाया आहेत. मला हे दोन्ही रोज दिसतं. गावातला माणूस येत नाही कारण त्याला भीती असते, भाड्याचे पैसे लागतात, रोज बुडतो, आणि दात हे दुखणं आहे असंच त्याला वाटत नाही. माझ्याशी अहिराणीत बोलायला लागले की निम्मी भीती तिथेच जाते. हे मी बघितलंय, खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली म्हातारी "काय व्हयनं माय, कोठे दुखस?" म्हटल्यावर हात सोडते.

सध्या मी अमळनेरला त्याच मॅडमकडे काम करते जिथे स्टुलावर बसले होते. पगार फार नाही पण वेळेवर आहे, आणि आठवड्यातून एक दिवस आम्ही गावांमध्ये जातो. कर्जाचे हप्ते चालू आहेत. पुढे पारोळ्यात स्वतःचं टाकायचंय, खुर्ची सेकंडहँड बघून ठेवलीय.

मामेबहीण सोमवारी येतेय. फॉर्म भरायला अजून थोडे दिवस आहेत, तोवर माझ्याकडेच राहणार, मॅडमना विचारून ठेवलंय. तिच्यासाठी मास्क आणि माझा जुना एप्रन धुऊन ठेवलाय, तिला तो जरा लांब होईल. आल्यावर आधी खडूचं काय झालं ते विचारणार आहे.